जानेवारी १९६९ची गाणी, दोन अल्बम

बीटल्सच्या ‘लेट इट बी’ या अल्बमबद्दल एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की ती तपासून पाहावी असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. चौघांनी साधी, बिनमुलाम्याची गाणी रेकॉर्ड केली. मग फिल स्पेक्टर नावाचा अमेरिकन निर्माता आला आणि त्याने त्यांच्यावर व्हायोलिनं आणि कोरस चढवला. त्यानंतर ३३ वर्षांनी, २००३मध्ये, ‘लेट इट बी... नेकेड’ या नव्या अल्बमने तो थर काढून टाकला आणि मूळ गाणी जशीच्या तशी आपल्यासमोर आली. दोन्ही अल्बम शेजारी ठेवून एकेक गाणं ऐकलं, की यातलं अर्धंच खरं आहे हे कळतं. उरलेल्या अर्ध्याचा शोध घ्यायला हवा, कारण ‘मूळ’ म्हणून आपल्या हातात जे ठेवलं जातं ते कसं तयार होतं, हे या एका उदाहरणातून फार स्वच्छ दिसतं.

२ जानेवारी १९६९ रोजी चौघे लंडनच्या ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओत जमले. त्याआधीची काही वर्षं त्यांनी ओव्हरडबिंगचा सढळ वापर करून अल्बम घडवले होते. आधी मुद्रित केलेल्या आवाजाच्या जोडीला मागाहून दुसरा आवाज किंवा वाद्य भरायचं, ही ती पद्धत. ‘सार्जंट पेपर’सारखा अल्बम त्याशिवाय झालाच नसता. या खेपेला तो मार्ग बंद ठेवायचा असं ठरलं. सगळ्यांनी एकत्र उभं राहून वाजवायचं, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग हे सगळं चित्रित करत होता. सकाळची वेळ, अवाढव्य थंड शेड, सतत रोखलेले कॅमेरे, आणि आपापसातली कुरबूर. १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन उठून निघून गेला. तो परतल्यावर मुक्काम हलला तो सॅव्हिल रोवरच्या, बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीच्या इमारतीत, तळघरात. तिथे नव्याने बांधलेला स्टुडिओ कुचकामी निघाला आणि यंत्रसामग्री ईएमआयकडून उसनी आणावी लागली. २२ जानेवारीला पाहुणा वादक बिली प्रेस्टन इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि खोलीतलं वातावरणच पालटलं. पाहुण्यासमोर चौघेही जरा नीट वागू लागले. ३० तारखेला त्याच इमारतीच्या गच्चीवर ४२ मिनिटांचा तो प्रसिद्ध कार्यक्रम झाला. ३१ला तळघरात पियानोवरची गाणी कॅमेऱ्यासमोर मुद्रित झाली आणि काम थांबलं.

या सगळ्या टेप्समधून ध्वनितंत्रज्ञ ग्लिन जॉन्सने ‘गेट बॅक’ नावाचा अल्बम जुळवला. अडखळणं, मध्येच थांबणं, गप्पा, हसणं, सगळं त्याने तसंच राहू दिलं. मुखपृष्ठासाठी बीटल्सच्या पहिल्या अल्बमवरचा जिन्यातला फोटो त्याच जिन्यात, त्याच छायाचित्रकाराकडून पुन्हा काढून घेण्यात आला. पण चौघांना अल्बम पसंत पडला नाही. जॉन्सने जानेवारी १९७०मध्ये दुसरी आवृत्ती केली, तीही नाकारली गेली. बिनमुलाम्याचं संगीत हवं म्हणणाऱ्यांना ते प्रत्यक्ष हातात आल्यावर पेलवलं नाही. या साऱ्या कहाणीत मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिचा उल्लेख मात्र सर्वांत कमी होतो.

ओव्हरडबिंग न करण्याचा नियमही स्पेक्टर येण्याआधीच मोडला होता. ‘लेट इट बी’ या गाण्यात हॅरिसनने एप्रिल १९६९मध्ये गिटारचा तुकडा नव्याने भरला. ४ जानेवारी १९७० रोजी बीटल्सचा नेहमीचा निर्माता जॉर्ज मार्टिन याच्या देखरेखीखाली त्याच गाण्यात ब्रास वाद्यं आली आणि गिटारचा आणखी एक तुकडाही. आदल्या दिवशी हॅरिसनचं ‘आय मी माइन’ अगदी नव्याने रेकॉर्ड झालं, तेव्हा जॉन लेनन हजरच नव्हता. म्हणजे अल्बममधलं एक गाणं जानेवारी १९६९चं नाहीच. ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ तर फेब्रुवारी १९६८चं.

मग स्पेक्टर आला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत त्याने ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणून ओळखली जाणारी शैली घडवली होती. एकाच खोलीत अनेक वादक बसवायचे, एकच सुरावट दोन-तीन पियानो आणि चार-चार गिटारींवर एकदम वाजवून घ्यायची, आणि तो सगळा नाद एका रिकाम्या प्रतिध्वनी-कक्षात सोडून पुन्हा मुद्रित करायचा. वाद्यं एकमेकांत विरघळतात आणि त्यातून एकच घनदाट आवाज उभा राहतो. रॉनेट्सचं १९६३मधलं ‘बी माय बेबी’ हा त्याचा उत्तम नमुना. जानेवारी १९७०मध्ये त्याने लेननचं ‘इन्स्टंट कर्मा!’ केलं आणि लेनन खूश झाला. मार्चअखेरीस ‘गेट बॅक’च्या टेप्स स्पेक्टरच्या हातात आल्या.

१ एप्रिल १९७० रोजी ॲबी रोडच्या मोठ्या स्टुडिओत रिचर्ड ह्यूसनने लिहिलेल्या रचना वाजवायला भलामोठा ताफा जमला. एकट्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’साठी १८ व्हायोलिनं, ४ व्हिओला, ४ चेलो, ३ ट्रम्पेट, ३ ट्रॉम्बोन, २ गिटार, एक हार्प आणि १४ गायिका होत्या. चौघांपैकी हजर होता तो फक्त रिंगो स्टार. त्या दिवशी त्याने ड्रम वाजवले. ज्याचं हे गाणं, त्या पॉल मॅकार्टनीला याची कल्पनाच नव्हती. तयार प्रत ऐकल्यावर १४ एप्रिलला त्याने बीटल्सचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याला पत्र लिहिलं. तंतुवाद्यं, ब्रास आणि कोरस यांचा आवाज कमी करा, हार्प काढून टाका, आणि पुन्हा असं कधी करू नका, अशा त्याच्या मागण्या होत्या. काहीही बदललं नाही. ८ मे १९७० रोजी अल्बम बाजारात आला. पुढे भागीदारी मोडण्यासाठी मॅकार्टनी न्यायालयात गेला तेव्हा त्याच्या तक्रारींत हे गाणंही होतं. अमेरिकेत मात्र तेच गाणं त्याच रूपात जूनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

आता अल्बम प्रत्यक्ष ऐकू. १९७०च्या अल्बममध्ये १२ ट्रॅक आहेत. स्पेक्टरने ऑर्केस्ट्रा चढवला तो फक्त तिघांवर: ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’, ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ आणि ‘आय मी माइन’. बाकी अल्बम बहुतांशी तसाच उघडा आहे. ‘डिग अ पोनी’, ‘आय हॅव गॉट अ फीलिंग’ आणि ‘वन आफ्टर ९०९’ ही तीन गाणी थेट गच्चीवरची आहेत. ‘टू ऑफ अस’मध्ये दोन गळे आणि दोन गिटारींच्या पलीकडे फारसं काही नाही. अल्बम स्पेक्टरने गुदमरवून टाकला हा समज तीन गाण्यांवरून पसरला आहे. त्यातलं एक पहिल्या क्रमांकावर गेलं, म्हणून तेच सगळ्यांच्या कानात राहिलं.

२००३च्या ‘नेकेड’चं काम ॲबी रोडमध्येच पॉल हिक्स, गाय मॅसी आणि ॲलन राउझ या तिघांनी केलं. त्यांनी मूळ मल्टिट्रॅक टेप्स काढल्या आणि प्रत्येक ट्रॅक संगणकावर घेऊन खरखर, खटके साफ केले. मग मिश्रण अगदी नव्याने केलं. परिणाम पहिल्या काही सेकंदांतच जाणवतो. ‘गेट बॅक’मधला रिंगोचा स्नेअर ड्रम आता समोर येऊन वाजतो. मॅकार्टनीची बास गिटार जाड आणि स्पष्ट ऐकू येते. बिली प्रेस्टनची बोटं कुठे काय करतात ते वेगळं काढता येतं. हे निर्विवाद यश आहे आणि त्याचं श्रेय त्या तिघांना द्यायलाच हवं. काचेवरची धूळ पुसावी तसं हे झालं आहे, असं आवाजापुरतं तरी म्हणता येईल.

ज्या गाण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’पाशी मात्र थांबायला हवं. स्पेक्टरने वापरलेलं मुद्रण २६ जानेवारी १९६९चं. ‘नेकेड’मध्ये ऐकू येतं ते ३१ जानेवारीचं. म्हणजे ऑर्केस्ट्रा काढून खालचं गाणं दाखवलेलं नाही. वेगळ्या दिवशीचं वेगळं गायन आणलं आहे. ३१ तारखेला मॅकार्टनीचं गाणं जास्त बांधेसूद झालं आहे आणि शब्दांतही एके ठिकाणी किंचित फरक आहे.

मग २६ तारखेच्या गाण्याखाली नेमकं काय होतं? ते ऐकायची सोय ‘नेकेड’च्या ७ वर्षं आधीच झाली होती. १९९६च्या ‘अँथॉलॉजी ३’ या संग्रहात तेच मुद्रण ऑर्केस्ट्राशिवाय आलं आहे. तिथे मॅकार्टनी पियानोवर आहे, म्हणून बास लेननच्या हातात आहे, आणि लेनन ती चाचपडत वाजवतो. काही ठिकाणी सूर सरळ चुकतो, काही ठिकाणी उशिरा येतो. स्पेक्टरच्या १८ व्हायोलिनांनी या चुकाही झाकल्या होत्या. हार्प आणि १४ गायिकांचा कोरस मला आजही जड वाटतो आणि मॅकार्टनीचा राग मला पूर्ण पटतो. पण स्पेक्टरला दिलेली टेप ही अशी होती. तिच्या जागी ३१ तारखेची निवडली असती तर कदाचित एवढ्या वाद्यांची गरजच वाटली नसती, आणि ती निवड दोन्ही वेळा, १९७०लाही आणि २००३लाही, हातात होती. या गाण्याचा खरा निकाल ऑर्केस्ट्रापाशी लागलेला नाही. कोणत्या दिवसाचं मुद्रण घ्यायचं, या प्रश्नापाशी तो लागला आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. १९८४मध्ये ‘गिव्ह माय रिगार्ड्स टू ब्रॉड स्ट्रीट’ या चित्रपटासाठी मॅकार्टनीने हे गाणं स्वतः पुन्हा रेकॉर्ड केलं, तेव्हा तेही सॅक्सोफोनसकट भरगच्च होतं. त्याचा विरोध भरगच्चपणाला नव्हता. न विचारता केलेल्या भरगच्चपणाला होता, आणि तो विरोध रास्तच होता.

‘अक्रॉस द युनिव्हर्स’ची तऱ्हा अगदी निराळी, आणि आपल्याला जवळची. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांकडून ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत वाजवून घेतलं आणि त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याची संपूर्ण वाद्यसंगतही मुद्रित केली. तो लंडनला परतल्यावर काही आठवड्यांत, ४ फेब्रुवारीला, लेननच्या ‘अक्रॉस द युनिव्हर्स’चं काम सुरू झालं. त्यात हॅरिसनने तंबोरा छेडला आहे. गाण्याच्या ध्रुवपदात गुरूला केलेलं संस्कृत वंदन आहे, आणि काही दिवसांतच चौघे महर्षी महेश योगींकडे हृषीकेशला गेले.

या गाण्याचे फार हाल झाले. डिसेंबर १९६९मध्ये ते वन्यजीवांसाठीच्या एका मदत-अल्बमवर आलं, तेव्हा टेप वेगाने चालवल्यामुळे सूर अर्ध्याने चढला होता आणि पाखरांचे आवाज जोडले होते. स्पेक्टरने टेपचा वेग उतरवला, त्यामुळे लेननचा आवाज मूळ पट्टीपेक्षा अर्ध्या सुराने खाली गेला, आणि वर तंतुवाद्यं व कोरस आला. ‘नेकेड’मध्ये हे मुद्रण मूळ वेगात अल्बमवर आलं: लेननचा गळा, एक गिटार आणि मागे तंबोरा. लेनन इथे घाईने गात नाही आणि पेंगूनही गात नाही. शब्द एकातून एक निघत जातात आणि तंबोऱ्याचा षड्ज त्यांना धरून ठेवतो. तंबोऱ्याची साथ काय करते हे ज्यांच्या कानांना उपजत ठाऊक आहे, त्या आपल्याकडच्या श्रोत्यांना हे मिश्रण लगेच उमगेल. स्पेक्टरच्या आवृत्तीत तंबोरा होताच, पण व्हायोलिनांच्या आड दडला होता. शेवटी ‘नेकेड’च्या तंत्रज्ञांनी आवाजावर प्रतिध्वनी वाढवत नेला आहे. तो १९६८च्या टेपवर नव्हता, पण शोभतो. हे एक गाणं घेतलं तर २००३चा अल्बम १९७०च्या अल्बमपेक्षा उघड उघड सरस आहे, आणि याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही.

आता इतर गाण्यांकडे वळू. ‘आय मी माइन’ मूळ टेपवर जेमतेम दीड मिनिटाचं होतं. स्पेक्टरने मधला भाग पुन्हा जोडून ते लांबवलं. ‘नेकेड’ने ऑर्केस्ट्रा काढला, पण ही लांबी ठेवली. ‘डिग अ पोनी’च्या आरंभी आणि शेवटी गच्चीवर गायलेलं पालुपद स्पेक्टरने कापलं होतं. ‘नेकेड’मध्येही ते कापलेलंच आहे. म्हणजे ज्याच्यापासून गाणी सोडवायची होती, त्याची कात्री इथे शाबूत आहे. उलट ‘लेट इट बी’ गाण्यात शेवटच्या कडव्यातली पियानोची चूक, जी स्पेक्टरने तशीच राहू दिली होती, ती २००३मध्ये दुसऱ्या मुद्रणातून तुकडा घेऊन दुरुस्त झाली. ‘आय हॅव गॉट अ फीलिंग’ आणि नव्याने घेतलेलं ‘डोन्ट लेट मी डाऊन’ ही दोन्ही गाणी गच्चीवरच्या दोन-दोन वेळच्या वादनांतून जुळवलेली आहेत. १९६९चा मूळ निर्धार होता एकत्र वाजवलेलं जोडतोड न करता तसंच ठेवायचा. त्या कसोटीवर ‘नेकेड’ हा १९७०च्या अल्बमपेक्षा अधिक दुरुस्त केलेला, अधिक नेटका अल्बम आहे.

आणि त्यातून बोलणं गेलं. ‘डिग इट’ आणि ‘मॅगी मे’ हे छोटे तुकडे गेले, गाण्यांच्या आधी-नंतरचे लेननचे टोमणे गेले, गच्चीवरून मानलेले आभार गेले. बोलण्याचा काही भाग सुमारे २२ मिनिटांच्या वेगळ्या डिस्कवर दिला आहे, म्हणजे गाण्यांपासून तोडूनच. इथे एक गमतीशीर सत्य सांगायला हवं: १९७०च्या अल्बममधलं बोलणंही जागच्या जागी नव्हतंच. ‘गेट बॅक’ हे गाणं २७ जानेवारीचं, तळघरातलं. त्याच्या शेवटी ऐकू येणारे आभाराचे शब्द ३० जानेवारीचे, गच्चीवरचे. ते स्पेक्टरने जोडले. तरीही ती जोडणी मला हवीशी वाटते. तिच्यामुळे अल्बममध्ये माणसं राहतात. थंडीत बोटं आखडलेली, एकमेकांवर वैतागलेली आणि तरीही थट्टा करणारी चार माणसं. ‘मॅगी मे’ हे लिव्हरपूलचं चावट लोकगीत ‘लेट इट बी’च्या गंभीर सुरानंतर लगेच येतं, आणि हा धक्का लेननच्या स्वभावाशी जुळणारा आहे. ‘नेकेड’मध्ये ‘लेट इट बी’ अगदी शेवटी आहे, त्यानंतर कुणी काही बोलत नाही. अल्बमचा कल लेननकडून मॅकार्टनीकडे सरकला आहे, हे फक्त गाण्यांच्या क्रमावरूनही दिसतं.

हे सरकणं मला अस्वस्थ करतं, कारण २००३मध्ये लेनन बोलायला नव्हता. १९८०मध्येच तो गेला. स्पेक्टरची बाजू सर्वांत जोरात घेणारा तोच होता. इतक्या रद्दी टेप्समधून या माणसाने काहीतरी उभं केलं, असं त्याचं म्हणणं होतं. हॅरिसनने मृत्यूपूर्वी, म्हणजे नोव्हेंबर २००१पूर्वी, ‘नेकेड’ला संमती दिली होती. पण त्याच हॅरिसनने १९७०मध्ये ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ स्पेक्टरबरोबरच केला. लेननने तर त्याच वर्षी त्याच्याबरोबर ‘प्लॅस्टिक ओनो बँड’ केला. तो अल्बम पियानो, गिटार, बास आणि ड्रम यांच्यापलीकडे फारसा जातच नाही. त्यावर सहनिर्माता म्हणून स्पेक्टरचं नाव आहे. तेव्हा स्पेक्टरला उघडं संगीत करता येत नव्हतं, हे साफ चूक आहे. २००३मध्येच त्याला एका हत्येच्या प्रकरणात अटक झाली आणि २००९मध्ये तो दोषी ठरला. त्या गुन्ह्याबद्दल त्याची गय करण्याचं काही कारण नाही, पण ‘लेट इट बी’चा हिशेब त्यामुळे बदलू नये.

‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चीही पुढे अशीच नवी आवृत्ती झाली. त्यावरचा प्रतिध्वनी आपल्याला आता अति वाटतो, असं हॅरिसनने २००१च्या पुनर्मुद्रणाच्या वेळी म्हटलं होतं. २०२१मध्ये त्याचं नवं मिश्रण आलं, ते ‘नेकेड’वरच्याच पॉल हिक्सने केलं. तिथे प्रतिध्वनी कमी झाला, गळा पुढे आला, आणि गाणी मात्र तीच राहिली. ना दुसरं मुद्रण आणलं, ना बोलणं कापलं. एखादा अल्बम हलका करायचा तर तो असा करावा, हे माझं मत त्या मिश्रणाने पक्कं केलं.

२०२१मध्येच ‘लेट इट बी’च्या मोठ्या संचात ग्लिन जॉन्सने १९६९मध्ये जुळवलेला ‘गेट बॅक’ अखेर अधिकृतपणे बाहेर आला. सुरुवात तिथूनच करा. तो ऐकताना कंटाळा येईल, काही ठिकाणी चौघे खरोखरच वाईट वाजवतात. त्यानंतर १९७०चा अल्बम ऐका, आणि ‘अँथॉलॉजी ३’मधलं ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ शेजारी ठेवा. ‘नेकेड’ सर्वांत शेवटी लावा. आणि वेळ फक्त एकाच गाण्यापुरता असेल, तर ‘नेकेड’मधलं ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ ऐका.